चुली मोजायला आईनं शिकवलं : निपाणीतली कोरोनाची दोन वर्षं

या पानावर महापुराच्या आठवणी बऱ्याच जणांनी लिहिल्या, तंबाखू आंदोलनाच्याही आल्या. कोरोनावर मात्र कुणी लिहीत नाही. बहुतेक अजून जवळचं आहे म्हणून. मी सुरुवात करतो. लांबलंय जरा, सवडीनं वाचा.

दिवाळीआधी कपाट आवरताना एक दोनशे पानी वही हाती लागली. वरती निळ्या स्केचपेननं 'पूर २०१९' असं लिहिलेलं, ते खोडून खाली 'कोरोना'. आत नावं, गल्ली, घरात माणसं किती, आणि पुढे बरोबरच्या खुणा. काही ठिकाणी माझं अक्षर, काही ठिकाणी गल्लीतल्या पोरांचं. मधली आठ-दहा पानं आईच्या सांगण्यावरून लिहिलेली. ती पानं बाकीच्यांपेक्षा वेगळी आहेत. का, ते पुढे येईल.

वहीवर पुराचं नाव कसं, ते आधी सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा आणि दूधगंगा अशा फुगल्या की यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तिकडे कोल्हापूरच्या तोंडाला शिरोलीजवळही तीच गत. निपाणी मधल्या मधी अडकली. तेव्हा मंडळाची पोरं, दोन-तीन शिक्षक, एक किराणा दुकानदार आणि एक टेम्पोवाला एवढ्यांनी मिळून नदीकाठच्या गावांत भाकरी पोचवल्या होत्या. घराघरांतून चार-चार भाकरी गोळा करायच्या आणि वर चटणी, एवढंच काम. पण त्यातनं आम्हाला कळलं की कुणाचा टेम्पो हक्कानं मागता येतो, कोणता दुकानदार उधारीवर पोतं देतो, कुणाच्या हातात पैसे दिले तर हिशोब लागतो आणि कुणाच्या हातात दिले तर लागत नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप पूर ओसरल्यावर गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरला, पण बंद पडला नाही.

सेमिनारात याला 'नागरी समाज' म्हणतात. आमच्यात मंडळाची पोरं म्हणतात. दोन्ही एकच, असं माझं मत आहे. फरक एवढाच की सेमिनारातल्याकडं लेटरहेड असतं.

२२ मार्च २०२०, रविवार, जनता कर्फ्यू. संध्याकाळी थाळ्या वाजवल्या. मंगळवारी रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बुधवारी गुढीपाडव्याच्या दिवशी सगळा देश बंद. साखरेच्या गाठी आणायच्या राहिल्या होत्या. आईनं गुढीला गुळाचा खडा फडक्यात गुंडाळून बांधला आणि म्हणाली, "चालतंय. देवाला कळतंय बंद हाय म्हणून."

निपाणी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हे गाव तंबाखूवर जगतं. वखारीत तंबाखू चाळायला, निवडायला बायका, आणि घराघरांत विड्या वळायलाही बायकाच. पत्ता आणि तंबाखू आणायची, वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, हजाराच्या हिशोबानं मजुरी घ्यायची. आठवड्याचा बाजार त्याच पैशावर. वखार बंद म्हणजे पत्ता नाही, पत्ता नाही म्हणजे विडी नाही, आणि विडी नाही म्हणजे शनिवारी हातात काही नाही. या बायकांकडं महिन्याभराचा साठा कधीच नसतो. बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर भागात विणकरांचे माग थांबले, तिथंही हेच. फक्त तिकडं मागाचा खडखडाट थांबला म्हणून लोकांच्या कानाला कळलं. विडीचं काम मुक्यानं चालतं, थांबलेलंही कुणाला कळत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी ग्रुपवर पहिला मेसेज पडला : "अमुक गल्लीत दोन घरात काय नाही." मग वही निघाली.

पहिल्या पाकिटात काय घालायचं यावर आम्ही शहाण्यासारखं ठरवलं : तांदूळ, आटा, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, मीठ, साबण. पहिल्याच गल्लीत एका आजीनं पिशवी उलटी करून बघितली आणि विचारलं, "चटणी न्हाई व्हय? आन काडेपेटी?" तिसरा प्रश्न तिनं हळू आवाजात विचारला : "मिश्रीची पुडी मिळंल का कुटं?" तंबाखूच्या गावात मिश्रीचा दुष्काळ. आम्ही हसलो. पण चटणी आणि काडेपेटी दुसऱ्या खेपेपासून घातली. मिश्रीचं काय केलं ते इथं लिहीत नाही, मी शिक्षक होतो.

यादी आम्ही रेशनकार्डावरून केली. तेव्हा ते बिनतोड वाटलं. केंद्र सरकारनं माणशी ५ किलो धान्य आणि घरटी १ किलो डाळ फुकट जाहीर केली होती, तीही कार्डावरच. कार्डाचा नंबर घेतला की दोनदा कुणी नेत नाही, भांडण नाही, हिशोब सरळ. तीन दिवसांत यादी झाली. मी घरी येऊन मोठ्या रुबाबात आईला दाखवली.

आई तेव्हा सत्तरीला टेकलेली. तिनं चष्मा लावून पानं उलटली, मग बंद करून दिली. "तुमी पोरानी कागूद मोजलासा. चुली कुटं मोजल्यासा?"

आई वखारीत होती. १९८० च्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं इथल्या तंबाखू कामगार बायकांची संघटना उभी राहिली, तेव्हा ती गेटवर उभं राहून बायका गोळा करणाऱ्यांत होती. चिकोडी तालुका कामगार महासंघ. तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यात होती. छाया दातार यांनी या बायकांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलंय. आईला ते वाचता आलं नाही, पण त्यात 'आमचं' आहे हे तिला पक्कं माहीत होतं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी हायवे अडवला आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला, तेही तिनं बघितलेलं. या सगळ्यातून तिच्याकडं एक गोष्ट उरली होती. गावात कोण कुठं राहतं, कुणाच्या आसऱ्यानं राहतं आणि कुणाच्या कागदावर नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं सांगितलेली रीत साधी होती. संध्याकाळी साडेपाच-सहाला गल्लीतनं नुसतं चालायचं. पिशवी नाही, वही नाही. कुठल्या घरातनं धूर निघतोय, कुठं फोडणीचा वास येतोय, कुठं भांडं वाजतंय ते बघायचं. जिथं काहीच नाही तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्या बाईमाणसानं जायचं. गॅसवाल्या घराचा धूर दिसत नाही, मग काय? "त्येंच्या दाराम्होरची खरकटी भांडी बगा."

दुसऱ्या संध्याकाळी मी आणि एक पोरगा गेलो. वखारीच्या मागच्या अंगाला, भिंतीला टेकून पत्रा मारलेली एक खोली. तिथं एक म्हातारी जोगतीण राहायची. गळ्यात दर्शनं, कोपऱ्यात जग झाकून ठेवलेला. तिला मी तीस वर्षं बघत आलो होतो. मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागायला दारात यायची, आई मापटंभर जोंधळं घालायची. मार्चमध्ये सौंदत्तीचं यल्लम्माचं देऊळ बंद झालं, दारं बंद झाली, जोगवा बंद झाला. तिच्या चुलीत राख गार होती.

"आक्का, यादीत नाव का नाही सांगितलं?"

"मास्तर, मी कुणाच्या कार्डात न्हाई. बापाच्या न्हाई, भावाच्या न्हाई. लिस्टात कशी यीन?"

मी शिक्षक म्हणून दोन जनगणना केल्या होत्या, मतदार याद्या केल्या होत्या. आणि माझ्याच घरापासून दोनशे पावलांवरची बाई माझ्या यादीतनं गळाली होती. कुणी गाळली नव्हती, माझ्या रीतीनंच गाळली. वहीतली मधली आठ-दहा पानं त्यानंतरची. त्यात कार्ड नंबरचा रकाना नाही. त्या जागी 'चूल' असं लिहिलंय. त्या पानांवर कोण होतं? अशा आणखी काही बाया, परगावचे गवंडी, विजापूरकडनं ऊसतोडीला येऊन अडकलेलं एक कुटुंब, बस बंद झाल्यामुळं लॉजवर राहिलेला एक फिरता विक्रेता, आणि दोन घरं अशी की ज्यांचं कार्ड होतं पण लाजेनं रांगेत येत नव्हती.

देशभर हेच चाललं होतं, मोठ्या आकड्यांत. एप्रिल २०२० मध्ये नीती आयोगानं ९२,००० संस्थांना पत्र पाठवून मदतीचं आवाहन केलं. सुप्रीम कोर्टात केंद्रानं दिलेल्या माहितीवरून तेव्हा बातम्या आल्या होत्या की काही राज्यांत शिजवलेलं अन्न सरकारपेक्षा संस्थांनीच जास्त वाटलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला : एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेकडं ते पैसे वळवायचे नाहीत, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. आमच्या मंडळाला परदेशातनं कधी दमडी आली नाही, त्यामुळं आम्हाला झळ नाही. पण गावाकडं काम करणाऱ्या कितीतरी लहान संस्था मोठ्या संस्थांकडनं येणाऱ्या पैशावर चालायच्या. दुसऱ्या लाटेत गरज पडली तेव्हा ती वाट बंद होती. पत्र लिहून बोलवायचं आणि मागल्या दारानं नळ बंद करायचा, हे काही मला पटलेलं नाही.

आता जरा मागं जातो.

आईची आजी प्लेगाच्या गोष्टी सांगायची. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि दोनेक वर्षांत रेल्वेच्या वाटेनं बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोचला. हुबळीत १८९८ साली हाफकिनसाहेबाची लस हजारोंनी टोचली. गावं माळावर गेली, लोक खोपटं घालून राहिले. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा त्याच वेळचा. २०२० साली आमच्या हातात जे आदेश पडत होते त्यावर त्याच कायद्याचं नाव होतं. एकशे तेवीस वर्षं जुना. पुण्यात सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शाळेत दर वर्षी ३ जानेवारीला आम्ही त्यांच्यावर भाषणं करतो. त्या शेवटी साथीत काम करताना गेल्या, हे भाषणात एका वाक्यात उरकतं. मीही उरकत होतो.

१९१८ चा इन्फ्लुएंझा त्याहून भयंकर. तो जूनमध्ये मुंबईच्या गोदीतनं शिरला. हिंदुस्थानात सव्वा कोट ते पावणेदोन कोट माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते २१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, मोजणी सुरू झाल्यापासून असं एकदाच झालंय. तेव्हा सरकारी डॉक्टर युद्धावर गेलेले. मुंबईत ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग आणि जातीजातींच्या संस्था चाळींतून औषधं वाटत फिरल्या. मनुष्यबळ कमी पडलं की सरकार गल्लीतल्या लोकांकडं बघतं, हे तेव्हापासूनचं आहे.

आमच्या भागात आणखी एक जुनी रीत आहे, 'वार पाळणं'. साथ आली की गाव बसून ठरवतं, देवीला गाऱ्हाणं घालतं आणि ठरलेले मंगळवार-शुक्रवार अख्खं गाव बंद. शेताला जायचं नाही, चक्की नाही, पाव्हणा नाही. कोरोनात बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी गावांनी वार पाळले. शिकलेली माणसं हसली. मला हसू आलं नाही. हायवेवरच्या पोलिसाला न ऐकणारा माणूस वाराच्या दिवशी उंबरा ओलांडत नव्हता. हां, पण त्याच श्रद्धेची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात दिसली. मे २०२१ मध्ये गोकाकजवळ कोन्नूरला मठाचा घोडा मेला, त्याच्या अंत्ययात्रेला ऐन लाटेत शेकडो लोक जमले आणि मग गावच बंद करावं लागलं.

बेळगावात टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो सगळ्यांना फिरायची जागा म्हणून माहीत आहे. देवीच्या रोगावरची लस इंग्रजांच्या काळापासून तिथं बनायची, म्हणून ते नाव. जानेवारी २०२१ मध्ये लसीच्या पेट्या बेळगावच्या भांडारात आल्या तेव्हा जुन्या माणसांना त्याची आठवण झाली. त्याआधी जुलै २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या पहिल्या चाचण्यांसाठी देशात जी १२ ठिकाणं निवडली, त्यात बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं. आपल्यातल्या लोकांनी दंड पुढं केले, हे आपणच विसरलो.

आता जे लिहायला जड जातं ते लिहितो.

मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याची माणसं परत यायला लागली. आमच्या भागातलं कुठलं घर असं आहे की ज्याचं कुणी मुंबईला, पुण्याला, इचलकरंजीला नाही? सेवा सिंधूवर अर्ज करायचा, पास मिळाला तर कोगनोळी नाक्यावर तपासणी, मग शाळेत नाही तर वसतिगृहात विलगीकरण. १८ मे ला कर्नाटकानं महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधनं येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदीच केली. त्याच महिन्यात गावागावांच्या तरुण मंडळांनी रस्त्यावर काट्या टाकल्या, काही ठिकाणी चर मारले. "बाहेरच्यांना प्रवेश नाही" असे फलक. बाहेरचे म्हणजे कोण? गणपतीला ज्यांची वर्गणी मुंबईहून मनिऑर्डरनं यायची ते.

माझ्या आजोळी तर असं झालं की दिवसा ज्या पोरांनी धान्याची पाकिटं वाटली, तीच पोरं रात्री काठ्या घेऊन वेशीवर बसली. एक जोडपं, बरोबर चार वर्षांची मुलगी, पनवेलहून काही वाट चालत, काही ट्रकनं आलेलं. बाईचं माहेर तेच गाव. रात्रभर त्यांना वेशीबाहेरच्या म्हसोबाच्या पारावर बसवलं. मी तिथं नव्हतो, फोनवर होतो. मला फोन आला, मी म्हटलं, "सकाळी बघू." हे माझे शब्द आहेत. सकाळी शाळा उघडून दिली, गाद्या नेल्या, चहा-भाकरी पोचली, सगळं झालं. पण ती रात्र झाली ती झाली. त्या बाईनं नंतर माहेर तोडलं. अजून येत नाही. संस्था, मंडळं, पोरं यांचं कौतुक करताना मला ही काठी विसरता येत नाही, कारण धरणारा हात तोच होता.

शाळेतल्या विलगीकरणाचं जेवण मग आम्ही चौदा दिवस चालवलं. तिथंच एका कार्यालयाकडनं आलेली नियमांची सूचना फक्त कन्नडमधनं भिंतीवर लागली होती. आतली निम्मी माणसं मराठी शाळेत शिकलेली. बाहेर का जायचं नाही, तपासणीचा कागद कधी येणार, कुणाला काही कळेना, त्यावरनं भांडण पेटायची वेळ आली. आमच्यातला एक लिंगायत पोरगा कन्नड माध्यमाचा. त्यानं अर्ध्या तासात मोबाईलवर मराठी करून पाठवलं, मी हातानं लिहून खाली चिकटवलं. त्यानंतर प्रत्येक आदेश आमच्या ग्रुपवर दोन्ही भाषांत जायचा. सीमाप्रश्नावर त्याचं आणि माझं मत एक नाही, कधी होणारही नाही. १ नोव्हेंबरला तो एकीकडं असतो, मी दुसरीकडं. पण 'होम क्वारंटाईन'ला मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही तासभर वाद घातला आणि शेवटी 'घरकोंडी' लिहिलं.

सीमा म्हणजे काय, ते त्या काळात अंगाला लागलं. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंच्याहत्तर. आजारी माणूस कुठं नेणार? पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरलाच. देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पोरं निपाणीची, कर्नाटकातली. तिकडं बेळगावला उलटं, चंदगडची माणसं दवाखान्याला, कामाला बेळगावात, आणि मधी बाचीचा नाका. मार्च २०२० मध्ये कर्नाटकानं केरळच्या सीमेवर रस्त्यात मातीचे ढीग टाकले, कासरगोडच्या आजाऱ्यांना मंगळुरूला जाता येईना, माणसं दगावली आणि प्रकरण केरळ हायकोर्टातनं सुप्रीम कोर्टात गेलं. आमच्याकडं एवढं टोकाला गेलं नाही. कागदावर दवाखान्याच्या कामाला सूट होती. पण कागद आणि नाका यांच्यामधी एक माणूस उभा असतो, आणि त्याच्या मनावर सगळं असतं.

माझ्या मामाचं डायलिसिस कोल्हापूरला, आठवड्यातनं दोनदा. आडवाटेच्या एका नाक्यावर त्याला पहिल्या आठवड्यात दोन तास बसवून परत पाठवलं. पाय सुजले. मग पोरांनी युक्ती काढली. निपाणीच्या गाडीनं पुलापर्यंत सोडायचं, मामा पूल चालत ओलांडणार, पलीकडं कागलकडच्या एका मंडळाची रिक्षा तयार. त्या रिक्षावाल्याला आम्ही कधी बघितलंही नव्हतं, नंबर पुराच्या वेळच्या ग्रुपवरनंच मिळालेला. मामा दूधगंगेकडं बघत म्हणाला, "कोल्हापूरला जायाला आता पासपोर्ट काढावा काय रं?" बरेच महिने हे चाललं. त्या रिक्षावाल्यानं भाडं घेतलं नाही. डिझेलला म्हणून शंभराची नोट खिशात कोंबली तर तेवढी घेतली.

आशा वर्करांबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. आमच्या याद्यांच्या आधी त्यांच्या याद्या होत्या. दारोदार जाऊन ताप-खोकला विचारायचा, कधी शिव्या खायच्या, कधी दार तोंडावर बंद. जुलै २०२० मध्ये राज्यातल्या बेचाळीस हजारांवर आशांनी १२,००० रुपये मानधनासाठी काम थांबवलं, तेव्हा लोक म्हणाले, "हीच वेळ सापडली काय?" आमच्या गल्लीतली आशा मला म्हणाली, "सर, तुमाला टाळ्या पुरत्यात. मला पोरीची फी भराय लागती." मला टाळ्या पुरत होत्या, कारण माझा पगार दर महिन्याला बँकेत येत होता.

आणि फोटो. सगळ्यांना आठवत असेल. एक पाकीट, सात हात. आमच्या ग्रुपवरही दोनदा यावरनं वाजलं. देणगी देणाऱ्याला पुरावा लागतो, हे खरं. घेणाऱ्याचं तोंड दिसलं तर त्याच्या पोरीच्या सासरी तो फोटो पोचतो, हेही खरं. शेवटी ठरलं की पाकिटांच्या ढिगाचा फोटो काढायचा, माणसाचा नाही. त्यावर एक देणगीदार तुटला.

दुसरी लाट आली तेव्हा आम्ही दमलेलो होतो. खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला दिल्लीत कोरोनानं गेले, तिथंच त्यांचा दफनविधी झाला; केंद्रात मंत्री असलेला माणूसही गावी परत येऊ शकला नाही. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली. सभा झाल्या, सगळ्यांच्याच झाल्या, मीही एकीला गेलो. दहा दिवसांनी राज्य बंद. बेळगाव तर त्या ११ जिल्ह्यांत, जिथं टाळेबंदी २१ जूनपर्यंत ओढली गेली. या खेपेला धान्य दुय्यम होतं. ऑक्सिजन, बेड, आणि नंतर लाकडं.

ऑक्सिजनचा पहिला धडा आम्हाला एका वेल्डिंगवाल्यानं दिला. सिलिंडर त्याच्याकडं होते, पण दवाखान्याचा व्हॉल्व्ह वेगळा, नुसता सिलिंडर असून भागत नाही. मग व्हॉल्व्ह शोधायला दोन दिवस. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आम्ही वर्गणीतनं घेतलं आणि गल्लोगल्ली लायब्ररीच्या पुस्तकासारखं फिरवलं, वहीत नोंद करून. वहीच्या शेवटच्या पानांवर त्याच नोंदी आहेत : नाव, तारीख, आकडा. ९६. ९४. ८९. एका नावापुढं तीन दिवसांचे आकडे आहेत आणि चौथ्या दिवशी रेघ.

ती रेघ मामाची. डायलिसिसचा माणूस, लागण झाली आणि आठ दिवसांत संपलं. कोल्हापूरला बेड मिळाला होता, पण उशीर झाला. अंत्यविधीला घरातनं मी एकटा, बाकी चार पोरं, पांढऱ्या किटमधली, कोण कोण ते ओळखूही येईना. एकाच्या आवाजावरनं कळलं की तो आमच्या घरकोंडीवाला. दुसरा बागवान गल्लीतला. वर्षापूर्वी भाजीवाल्यांबद्दल व्हॉट्सॲपवर नाही नाही ते फिरत होतं, तेव्हा ज्याची गाडी आमच्याच गल्लीतनं परत पाठवली होती, तो. मी त्याला काही बोललो नाही. तोही बोलला नाही. तिरडीला चौघांचे खांदे लागतात, तेवढे झाले.

आईला मामाचं तोंड दाखवता आलं नाही. ती अंगणात बसून होती. मी लांबनंच आंघोळ करून आलो तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "त्या पोरानी काय खाल्लं काय?"

जोगतीण आक्का २०२२ च्या हिवाळ्यात गेली, कोरोनानं नव्हे, म्हातारपणानं. तोवर तिचं कार्ड झालं होतं. एका पोरीनं तिचे अर्ज तीन वेळा भरले, तिसऱ्यांदा लागला. कार्डावर 'कुटुंबप्रमुख' म्हणून तिचंच नाव होतं. ते ती लॅमिनेट करून जगाशेजारी ठेवायची.

वही मी जपून ठेवली आहे. नावं असल्यानं तिचे फोटो इथं टाकणार नाही, कुणी मागू नये. पण तुमच्या गावात, तुमच्या मंडळानं अशा वह्या केल्या असतील तर रद्दीत घालण्याआधी मला सांगा. खडकलाट, बेनाडी, बोरगाव, सदलगा या बाजूचं माझ्याकडं काहीच नाही. बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातल्या विणकरांसाठी कुणी जेवण चालवलं, हेही कुणीतरी लिहा. आणि त्या कागलच्या रिक्षावाल्याचा नंबर माझ्या जुन्या मोबाईलबरोबर गेला. पलीकडचं कुणी वाचत असेल आणि दूधगंगेच्या पुलावरनं डायलिसिसच्या एका म्हाताऱ्याला नेल्याचं त्याच्या बोलण्यात आलं असेल, तर त्याला सांगा की मामाची बहीण अजून आहे, आणि ती त्याला जेवायला बोलावत्येय.